झिरमुलीचा दुसरा साक्षीदार

चालत्या एस.टी.त शिट्टी फुंकणारा प्रवासी तुम्ही कधी पाहिला आहे का? मी सहा वर्षं रोज पाहिला. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या सकाळच्या पावणेनऊच्या गाडीत कापगते सर मधल्या वाटेत उभे असायचे. मनाविरुद्ध काही झालं की गळ्यातली पितळी शिट्टी तोंडात घालून अशी फुंकायचे, की खिडकीला डोकं टेकून झोपलेला माणूस दचकून खिशात तिकीट शोधायला लागायचा.

नवा ड्रायव्हर असला की करकचून ब्रेक मारायचा. एकाने तर गाडी धानाच्या बांधीत उतरता उतरता थांबवली आणि "कोण पडलं? कोण पडलं?" करत मागे धावत आला. सर शांतपणे म्हणाले, "कोनी नाई पडलं, जी. एक शब्द बाद झाला. चाला तुमी."

कापगते सर आमच्या पवनीच्या शाळेत पी.टी.चे मास्तर. मी मेश्राम बाई, भूगोलाची. आम्ही नऊ-दहा शिक्षक भंडाऱ्याहून रोज अप-डाऊन करायचो. सर राहायचे कारध्याला. सायकलने वैनगंगेचा पूल ओलांडून स्टँडवर यायचे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट. वय सत्तावन्न, पण एका जागी अर्धा मिनिट ठरतील तर शपथ! गाडी उशिरा असली की स्टँडला फेऱ्या मारायचे. गाडीत बाक रिकामा असला तरी बसायचे नाहीत. वरची दांडी धरून टाचा वर, टाचा खाली, टाचा वर, टाचा खाली. "सर, बसा ना हो, बघून आम्हालाच दम लागतो," म्हटलं की म्हणायचे, "बसला की मानूस संपते, बाई."

रस्ता दीड तासाचा, आणि त्या दीड तासात आम्ही शब्दांच्या भेंड्या खेळायचो. डाव्या बाकांचा एक पक्ष, उजव्या बाकांचा दुसरा. एकाचा शब्द ज्या अक्षरावर संपला, त्या अक्षराचा शब्द दुसऱ्याने द्यायचा. पोरखेळच तो. पण सरांनी त्याला कबड्डीच्या मैदानाची शिस्त लावली होती. ते स्वतः खेळत नसत, ते पंच. त्यांच्या पिशवीत एक लांबलचक शब्दवही असायची. वादाचा प्रत्येक शब्द तिच्यात चढायचा, पुढे 'पास' किंवा 'बाद', मग कारण, मग सही. इन्स्पेक्शनला शाळेचे हजेरीपट सापडले नसते, पण ती वही कोरीकरकरीत सापडली असती.

सगळ्यात जास्त भांडणं खाण्याच्या शब्दांवरून व्हायची. नागपूरहून बदलून आलेल्या एका बाई 'आयते' हा शब्द मानायलाच तयार नव्हत्या. आमच्याकडे तांदळाच्या पिठाच्या पातळ धिरड्यांना आयते म्हणतात. बाई म्हणाल्या, "असं काही खायचं असतं हे मी ऐकलेलंच नाही." झालं! अर्धी गाडी उठून उभी राहिली. एक म्हातारी तर आमच्या शाळेची ना पाळेची, पण तीही भांडायला लागली. अड्याळ आलं तरी मिटेना. शेवटी शिट्टी वाजली आणि सरांनी कायदा केला.

"देव न पाहता मानता येते. खानं नाई. खाल्लेला मानूस पायजे."

म्हणजे खाण्याचा शब्द वादात सापडला, तर तो पदार्थ स्वतः खाल्लेले दोन साक्षीदार गाडीतच उभे करायचे. दोघेही परके पाहिजेत. घरचा साक्षीदार चालणार नाही, "कारन घरचा मानूस घरच्याच बाजूनं बोलते." आणि वर सरांचं ठरलेलं वाक्य: "नियम म्हंजे नियम. माह्या बापाले बी सूट नाई."

आयत्यांना त्या दिवशी चौदा साक्षीदार मिळाले. त्या म्हातारीचं नाव वहीत पहिलं आहे.

गणिताचे गभने सर आमच्यातले बिलंदर. त्यांना एकदा 'ठ' आला आणि त्यांनी 'ठेपोडी' असा एक पदार्थ जागच्या जागी जन्माला घातला. दोन साक्षीदारही डोळा मारून तयार केले. कापगते सरांनी काय करावं? एकाला ड्रायव्हरच्या मागे उभं केलं, दुसऱ्याला शेवटच्या बाकावर नेलं, आणि वेगवेगळं विचारलं, "तिखट का गोड?" पुढचा म्हणाला, गूळ घालतात. मागचा म्हणाला, मिरचीचा ठेचा असतो. अशी शिट्टी वाजली म्हणता! गभने सरांना आठ दिवस खेळातून बाहेर काढलं. ते बिचारे खिडकीतून झाडं मोजत बसायचे.

सरांचं दुसरं वेड मोहाच्या झाडाचं. वेड म्हणजे वैर. दारूबंदीवर ते दर पंधरा ऑगस्टला पाऊण तास भाषण द्यायचे आणि मोहाला 'दारूचं झाड' म्हणायचे. चैत्रात रस्त्याकडेचे मोह फुलले आणि तो गोड वास गाडीत आला की सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्या बंद करत सुटायचे. "नाकात जाऊ देऊ नका, बाप्पा! नाकातूनच सुरू होते." बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आत आम्ही सगळे उकडलेल्या शेंगा.

एक कोडं मात्र आम्हाला सुटत नव्हतं. महिन्यातून दोन-तीनदा तुमसरकडचा एक उंच, किडकिडीत बदली कंडक्टर या गाडीवर यायचा. रामटेके त्याचं नाव. बोलायला गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण तो दारात दिसला रे दिसला की सर खाली! मागच्या गाडीने येतील, प्रार्थना बुडवतील, हेडमास्तरांची बोलणी खातील, पण त्याला पास दाखवणार नाहीत. आम्ही म्हणायचो, याने कधीतरी शिट्टीवरून हटकलं असेल. गभने सरांनी एकदा विचारलंच, "काय हो सर, एवढं काय वैर आहे? कोण लागतो तो तुमचा?"

"कोनी नाई लागत!" सर ओरडले. "तो माह्या कोनी नाई. पायजे तर लिहून घ्या."

गणिताच्या मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं.

सरांना एक मुलगी होती, कुंदा. तिने आठ वर्षांपूर्वी आपल्या मनाने रजिस्टर लग्न केलं, मुलगा बौद्ध होता, आणि सरांनी तिचं नाव टाकलं. एवढं सगळ्यांना माहीत होतं. मुलगा कोण, मुलगी कुठे राहते, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. आधी बायकोला 'कुंदाची आई' म्हणणारे सर त्यानंतर नुसतं 'घरची' म्हणायला लागले.

ती घरची एका उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापाने गेली. तेरवी आटोपून सर सोमवारी स्टँडवर हजर. आम्ही त्या दिवशी भेंड्या सुरूच केल्या नाहीत. त्यांनीच शिट्टी वाजवली. "मैदान खाली काहून आहे?" पण चार पुडांचा डबा गेला आणि पिशवीत एक केळं आणि फुटाण्यांची पुडी आली. मी माझा डबा पुढे सरकवायची. सर कधी नाही म्हणाले नाहीत. माझ्या हातचं लाखोळीचं वरण त्यांना फार आवडायचं. बोटं चाटून खायचे.

पोळा झाला त्या आठवड्यात आमच्या बाजूला एक माणूस कमी पडला. सर म्हणाले, "मी खेळतो आज," आणि शिट्टी गभने सरांच्या हातात दिली. खेळता खेळता 'झ' आमच्यावर आला. झाड, झरा, झोपडी, झेंडू, सगळं होऊन गेलेलं. गभने सर बोटांवर आकडे मोजायला लागले. सात... आठ... नऊ...

"झिरमुली," सर म्हणाले.

"ते काय असतं?"

"खान्याची वस्तू. घरची करे."

गभने सरांचा चेहरा असा काही फुलला! ठेपोडीचं उट्टं काढायची वेळ चालून आली होती. "साक्षीदार?"

सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. झिरमुली कोणी ऐकलीसुद्धा नव्हती. मग शिट्टी वाजली. "फाऊल! शब्द बाद! नियम म्हंजे नियम!" गाडीत टाळ्या पडल्या. मीही हसले, पोटभर हसले.

सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि ते बसले. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी त्या माणसाला आजवर बसलेलं पाहिलं नव्हतं. मी हसायची थांबले.

"वहीत लिहू का, सर?" गभने सरांचाही आवाज उतरला होता.

"नका लिहू अजून. डिसेंबरात रिटायर होतो मी. तोपर्यंत मुदत द्या. साक्षीदार आनतो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, ते करनारी गेली. आता तो शब्द माह्या एकट्याच्या तोंडात आहे. मी मेलो की तो बी मेला. वहीत तरी राहू द्या."

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या पिशवीत डबा यायला लागला. ज्या माणसाने जन्मात चहा केला नव्हता, तो पहाटे उठून झिरमुल्या करायला लागला. का, तर गाडीत साक्षीदार तयार करायला! पहिल्या दिवशीची झिरमुली खळ होती. गभने सर म्हणाले, पोस्टाची पाकिटं चिकटवायला बरी आहे. दुसऱ्या दिवशीची काळी ठिक्कर. तिसऱ्या आठवड्यात मात्र काहीतरी गोल, पांढरं आणि खाण्यासारखं निघालं. सगळ्यांनी तुटून पडून खाल्लं. गभने सर मिशा पुसत म्हणाले, "मी साक्षीदार! करा पास."

सरांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि डबा बंद केला. "हे ते नाई. हे आयते आहेत."

"अहो, तुमच्या फायद्याचं बोलतोय मी."

"फायद्याचं येगळं अन् खरं येगळं, गभने."

मग काय, रोज नवा प्रयोग. ताक घालून, पेज घालून, पळसाच्या पानावर, मातीच्या तव्यावर. हाताला चटके, शर्टाला पीठ. "जाळी पडून राहिली, बाई," मला सांगायचे, "पन वास नाई येत. तिच्या झिरमुलीले एक वास ये. गोड, पन गुळाचा नाई." शेजारीपाजारी विचारावं, तर ती तव्यावरून थेट ताटात पडायची. गार झाली की चामडं. बाहेर कोणाकडे कधी गेलीच नव्हती. एका रविवारी बायकोच्या माहेरी जाऊन आले. मेव्हणी म्हणाली, "आमच्या घरी असं काई होत नवतं, भाऊजी. अक्का तुमच्याच घरी शिकली असंन." सर परत आले ते स्टँडला फेऱ्या मारतच. बोलायचे नाहीत, थांबायचे नाहीत. आम्ही खेळायचो, पण शिट्टी चुकीच्या शब्दांना वाजायची.

मला ते बघवेना. दिवाळीनंतर एके दिवशी मी म्हटलं, "सर, मी खाल्ली आहे झिरमुली. मी होते साक्षीदार."

सरांनी डोळे बारीक केले. "तिखट का गोड?"

"गोड."

"तव्यावर टाकली का आवाज कसा येते?"

"चर्र..."

"अन् मंग?"

मला पुढचं येईना. सर हसले. "खोटी साक्ष देऊन राहिल्या, बाई. पन बरं वाटलं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापट, घरीही सगळे तेच म्हणतात. मी म्हटलं, "खरी साक्ष पाहिजे ना? मग कुंदाला विचारा. तिने आईजवळ बसून खाल्ली असेल, करायलाही शिकली असेल. तुमच्या लेकीला सोडून सगळ्या गावाला विचारत फिरताय!"

"कोन कुंदा?"

"वा! सर, सहा वर्षं झाली, माझ्या डब्यातलं वरण बोटं चाटून खाता. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, हे काय तुम्हाला माहीत नाही? मैदानावर पोरांना सांगता, जात बाहेर काढून ठेवा, चपलेसारखी. मग घरात शिरताना तुम्ही ती पुन्हा पायात घालता का?"

गाडीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी पिशवी उचलली, घंटी वाजवायला लावली आणि मध्येच रस्त्यात उतरून गेले. मला वाटलं, संपलं. महिनाभर आमच्यात एक शब्द नाही. डबा यायचा बंद झाला. मी वरण आणायची, ते फुटाणे खायचे.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. सकाळी दार वाजलं. बघते तर सर, पांढरे कपडे, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. म्हणाले, "चाला, बाई. तुमसरले जाचं आहे. पंचाचं काम आहे, साक्षीदार सोबत पायजे." सगळं असं बोलले, जसं काही वरून ऑर्डर आली आहे. पण शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली होती.

तुमसरपर्यंत उभे राहून आले. राइस मिलच्या मागच्या गल्लीत, कोंड्याची धूळ बसलेल्या एका दारासमोर थांबले आणि तिथेच कदमताल सुरू! लेफ्ट राइट, लेफ्ट राइट. पुढे काही जाईनात. शेवटी मीच कडी वाजवली.

दार उघडलं ती कुंदा. सरांचंच नाक, सरांचंच कपाळ. तिने बापाकडे पाहिलं आणि चौकटीला धरून उभी राहिली. सर म्हणाले, "एका शब्दाचं काम होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "झिरमुली."

कुंदा दारातून बाजूला झाली. म्हणाली, "बूट काढा, बाबा. पीठ भिजलेलंच आहे. आज ह्यांची सकाळची ड्यूटी आहे, दुपारी येऊन खातात."

सरांनी दाराबाहेर बसून बूट काढले. एवढ्याशा नाड्या, पण त्यांच्या बोटांना सुटता सुटेनात. मी आत गेले आणि भिंतीवरचा फोटो पाहून उभीच राहिले. खाकी कपडे, उंच, किडकिडीत. आमचा बदली कंडक्टर रामटेके! आता कळलं, पास कोणाला दाखवायचा नव्हता ते.

कुंदाने चूल पेटवली. पिठात लोट्यातलं काहीतरी तपकिरी पाणी ओतलं आणि तो वास उठला. सर मागून एकदम पुढे आले. "हाच! हाच वास! काय टाकलं तू?"

"मोहाच्या फुलांचं पाणी."

"कशाचं?"

"मोहाच्या. आई घालायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची. तिळाच्या डब्यात खाली लपवून ठेवायची फुलं. म्हणून तर बाहेर कोणाला द्यायची नाही."

सर मटकन पाटावर बसले. "म्हंजे मी पंधरा ऑगस्टले भाषन देऊन घरी येवो, अन् ती मले हे वाढे?"

"त्या दिवशी तर हमखास करायची."

सर हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते नुसतंच यायला लागलं. कुंदाने पीठ तव्यावर टाकून झाकण ठेवलं. आधी चर्र झालं. मग गप्प. मग झाकणाखाली फुटफुट, फुटफुट. ती पदराने डोळे पुसायची आणि वाढायची. मीही खाल्ल्या. मिठाच्या, जाळीदार, आणि घास गिळल्यावर मागून गोड. सरांनी सात खाल्ल्या. प्रत्येक वेळी म्हणत होते, "हेच, हेच."

कुंदाने पीठ राखून ठेवलेलं बघून त्यांनी विचारलं, "हे कोनासाठी?"

"ह्यांच्यासाठी."

"आवडते त्याले?"

"आईच्या हातची पण खाल्ली आहे ह्यांनी. तुम्ही पोरांना घेऊन कबड्डीच्या स्पर्धेला जायचे ना, तेव्हा आई इथे यायची."

"मले नाई सांगतलं तिनं."

"तुम्ही कधी विचारलं, बाबा?"

सर पाटावरून उठले. रामटेके यायच्या आतच म्हणाले, "चाला, बाई, गाडी भेटनार नाई." तेवढं बळ अजून पायात आलं नव्हतं. पण निघताना म्हणाले, "कुंदाची आई अशीच फुंकर मारे चुलीले." आठ वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव निघालं.

दोनच दिवसांनी सरांचा शाळेचा शेवटचा दिवस होता. मी गभने सरांना सगळं सांगून ठेवलं. काही झालं तरी शब्द आज पास व्हायचा, असं आमचं ठरलं. कुंदानेही आपलं काम केलं होतं. पावणेनऊची गाडी लागली आणि दारात रामटेके उभा, ड्यूटी मागून घेतलेली.

आम्ही सगळे सरांकडे पाहायला लागलो. आता वळतील, मग वळतील. सर चढले. खिशातून पास काढला आणि रामटेकेसमोर धरला. त्याने तो पाहून परत दिला. सर आपल्या जागी, मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले. टाचा वर, टाचा खाली.

पहेला गाव मागे पडलं तसे गभने सर उठले. "मुदतीतला शब्द. झिरमुली. साक्षीदार नंबर एक?"

मी उभी राहिले. "तिखट का गोड?" सांगितलं. "आवाज?" तोही सांगितला, चर्रपासून फुटफुटपर्यंत. "मंजूर. साक्षीदार नंबर दोन?"

"मी," दाराजवळून आवाज आला. रामटेके तिकिटाची पेटी छातीशी धरून उभा होता. "मी खाल्ली आहे."

"तिखट का गोड?"

"मिठाची. पण मागून गोड लागते."

"आवाज?"

"आधी चर्र. मग गप्प. मग फुटफुट. तेव्हाच झाकण काढायचं, नाहीतर जाळी बसते."

"कोणाच्या हातची खाल्ली?"

"दोघींच्या," तो म्हणाला.

गभने सरांनी घसा खाकरला. "आता नियम. साक्षीदार घरचा नको. तर सरांनी स्वतः याच गाडीत सगळ्यांसमोर सांगितलं आहे की, 'तो माह्या कोनी नाई, पायजे तर लिहून घ्या.' तेव्हा साक्षीदार परका. शब्द पास!"

काय टाळ्या पडल्या! मागच्या बाकावरचे अनोळखी लोकसुद्धा वाजवत होते. सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. चार महिने ज्याच्यासाठी हात भाजून घेतले, मान खाली घातली, तो शब्द आता फक्त लिहायचा बाकी होता. पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. सरांनी दाराकडे पाहिलं. रामटेके मान खाली घालून तिकिटांचे गठ्ठे उगाच वरखाली करत होता.

सरांनी शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली, की आमच्या सरावलेल्या ड्रायव्हरनेही ब्रेक मारला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी.

"फाऊल! साक्षीदार बाद!"

"अहो सर," गभने सर कळवळून म्हणाले, "काय करून राहिले? शेवटचा दिवस आहे! पुन्हा वही नाही!"

"घरचा मानूस आहे तो," सर म्हणाले. आवाज फुटत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "जावई आहे माह्या. घरचा साक्षीदार चालत नाई. नियम म्हंजे नियम."

सरांनी वहीत लिहिलं, सही केली, टोपण लावलं. मग म्हणाले, "जावईबुवा, घंटी द्या ना जी. गाडी उभी आहे." रामटेकेने दोरी ओढली, एकदा ओढायची तर तीनदा ओढली. आणि सर वाट काढत पुढे गेले आणि कंडक्टरच्या शेजारच्या जागेवर बसले. पवनीपर्यंत बसून आले.

ती वही त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षभरात गभने सरांपासून हेडमास्तरांपर्यंत अर्धी गाडी तुमसरला जाऊन झिरमुल्या खाऊन आली. साक्षीदारांची रांग लागली, परके, एकापेक्षा एक खरे. सगळे म्हणतात, बाई, आता तरी पास करा. मी वही उघडून त्यांना शेवटचं पान दाखवते. सरांचं ते वाकडंतिकडं अक्षर:

'झिरमुली. बाद. कारण: दुसरा साक्षीदार घरचा.'

हे खोडायला माझा हात होत नाही.